इंधनटाकीतील ‘कचरा’ : जुन्या मोटारबोटींतील एका दोषाचे निदान व त्याची परिभाषा

मोटारबोटीचे यंत्र भर पाण्यात बंद पडले आणि कारागिराने ते उघडून पाहिले, म्हणजे त्याच्या तोंडून बहुधा एकच वाक्य बाहेर पडते : ‘तेलात कचरा आला.’ पाठोपाठ गाळणी, म्हणजे फिल्टर, बदलला जातो. यंत्र सुरू होते आणि प्रकरण मिटले असे मानले जाते. थोड्याच दिवसांत तेच यंत्र तशाच रीतीने पुन्हा बंद पडते. कारागिराचे वाक्य खोटे असते असे नाही. ते अपुरे असते. ‘कचरा’ या एका शब्दाखाली स्वभावाने व उत्पत्तीने भिन्न असे चार पदार्थ एकत्र आलेले असतात आणि त्या प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. शब्द एकच असल्यामुळे उपायही एकच केला जातो, आणि तो चारांपैकी एकाही दोषाच्या मुळापर्यंत पोचत नाही. या चार पदार्थांचे स्वरूप स्पष्ट करावे, आणि त्यांच्यासाठी मराठीत आधीपासून असलेले चार शब्द नेमक्या अर्थाने योजावेत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय केवळ यांत्रिक कुतूहलाचा राहिलेला नाही. वैनगंगेच्या व जिल्ह्यातील असंख्य तलावांच्या पाण्यावर ढिवर समाजाचा डोंगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डोंग्यास टाकी नाही, नळी नाही व गाळणीही नाही. त्यामुळे ‘इंधनात दोष’ ही कल्पनाच त्या व्यवहारात संभवत नव्हती. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. ३३ दरवाजांच्या या धरणाने नदीचे पाणी अडविले, तेव्हा त्याचा फुगवटा दूरवर पसरला आणि विस्तीर्ण व खोल जलाशय निर्माण झाला. या जलाशयावर व पलीकडे नागपूर जिल्ह्याच्या हद्दीतील अंभोऱ्याच्या संगमावर मोटारबोटी आल्या.

याहून गंभीर प्रसंग पुराचा होय. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील अतिवृष्टीमुळे व वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह नदीकाठच्या वस्त्यांतून लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. अशा कामासाठी ठेवलेली बोट वर्षातील बहुतेक काळ स्वस्थ पडून असते, आणि ज्या रात्री तिची गरज भासते त्या रात्री तिने पहिल्या झटक्यास सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. इंधनातील बहुतेक दोष नेमके या स्वस्थ काळात तयार होतात. प्रवाहाच्या मध्यावर यंत्र थांबले तर बोट प्रवाहाची होते, आणि तिच्यातील माणसेही.

इंधनाचा मार्ग

दोष समजण्यासाठी प्रथम मार्ग समजला पाहिजे. टाकीच्या वरच्या अंगास दोन वाटा असतात : एक इंधन भरण्याचे तोंड व दुसरी हवा आत-बाहेर जाण्याची बारीक नळी. इंधन जसजसे खर्च होते तसतशी या दुसऱ्या नळीने हवा आत येते. टाकीच्या तळाच्या किंचित वर ओढनळीचे टोक असते. जुन्या बोटींत या टोकास पुष्कळदा बारीक जाळी बसविलेली आढळते. तेथून इंधन पहिल्या गाळणीत येते. या गाळणीच्या खाली पारदर्शक वाटी असेल तर जड पदार्थ तिच्यात उतरलेले डोळ्यांस दिसतात. पुढे पंप, मग दुसरी व अधिक बारीक गाळणी, आणि शेवटी डिझेल यंत्रात दाबपंप व इंजेक्टर, तर पेट्रोल यंत्रात कार्बोरेटर, असा हा क्रम आहे.

या मार्गातील ‘टाकी’ हा शब्द भाषाभ्यासकास परका वाटू नये. इंग्रजीतील ‘टँक’ हा शब्द गुजराती व मराठी ‘टांके’ या जलसंचयवाचक शब्दावरून आला असावा आणि पोर्तुगीज ‘तांके’ या शब्दाने त्यास बळ मिळाले असावे, या शक्यतेची चर्चा यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशापासून चालत आलेली आहे. तलावांसाठी ख्यात असलेल्या भंडाऱ्यात या नात्याचा उपयोग केवळ व्युत्पत्तीपुरता नाही. मालगुजारी तलाव आणि इंधनाची टाकी यांचे दुखणे एकाच जातीचे आहे : दोन्हींत वर निर्मळ द्रव दिसतो आणि दोष तळाशी साचत असतो. तलाव गाळाने भरला असता पाणी सोडण्याची मोरी वारंवार मोकळी करून भागत नाही, तलावाचा तळ उपसावा लागतो, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. गाळणी बदलणे म्हणजे मोरी मोकळी करणे होय.

पहिला पदार्थ : पाणी

डिझेल व पेट्रोल हे दोन्ही पाण्याहून हलके असल्याने टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते. ते येते कोठून? टाकीच्या झाकणाचे रबरी कडे वाळून तडकलेले असते. हवेच्या नळीचे तोंड पावसाच्या वा लाटांच्या दिशेस असते. इंधन पावसात उघड्या डब्यांतून आणलेले असते. कधी ते मुळातच पाणी मिसळलेले असते. अर्धवट भरलेल्या टाकीत दिवसाच्या उष्णतेने हवा बाहेर पडते, रात्री थंडाव्याने दमट हवा आत येते आणि तिच्यातील बाष्पाचे दव होते, हेही खरे आहे. परंतु सारे पाणी दवाचेच समजून झाकण न तपासणे ही नित्याची चूक होय. पाण्यामुळे यंत्र गचके देते, डिझेल यंत्रातून पांढरा धूर येऊ शकतो, आणि इंजेक्टरच्या सूक्ष्म भागांना गंज चढतो.

डिझेलच्या बाबतीत उपाय सरळ आहे. बोट रात्रभर स्थिर ठेवून सकाळी तळातील पाणी काढून टाकावे व झाकणाचे कडे बदलावे. पेट्रोलच्या बाबतीत मात्र परिस्थिती पालटली आहे. भारतात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल क्रमाने सर्वत्र आले. इथेनॉल पाणी शोषून घेते. १० टक्क्यांच्या मिश्रणात शंभर लिटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी सामावते. २० टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून अधिक सामावते. ही मर्यादा ओलांडली, किंवा तापमान उतरल्याने ती आकुंचन पावली, म्हणजे पाणी व इथेनॉल एकमेकांस धरून पेट्रोलपासून विलग होतात व तळाशी बसतात. अशा वेळी तळातील थर काढून टाकला तरी वर राहिलेले पेट्रोल पूर्वीचे राहत नाही; त्यातील इथेनॉल गेल्यामुळे त्याची गुणवत्ता घसरलेली असते. म्हणून सगळेच पेट्रोल काढून टाकावे लागते.

दुसरा पदार्थ : साका

द्रवाच्या तळाशी बसणाऱ्या कणांना मराठीत ‘साका’ म्हणतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरविल्यावर खाली बसतो तो साका. टाकीतील साक्यात लोखंडाचा गंज, वाळू, रबरी नळीचे तुकडे आणि जुन्या डिझेलमधून विलग झालेले काळे जड कण असतात. टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल तर जस्ताची डिझेलमधील आम्लांशी क्रिया होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो. म्हणून डिझेलसाठी असा पत्रा वर्ज्य मानला जातो.

साक्याची खूण विलक्षण फसवी आहे. बोट संथ चालत असताना यंत्र निर्दोष चालते. वेग वाढविला, किंवा लाटांनी टाकी हलली, म्हणजे साका उसळतो, ओढनळीच्या जाळीस चिकटतो आणि यंत्र गुदमरून थांबते. यंत्र थांबताच ओढ संपते, कण जाळीवरून गळून पडतात आणि पाच-दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होते. चालकास वाटते की दोष आपोआप गेला. वस्तुतः तो पुढच्या वेगवान फेरीची वाट पाहत तळाशी बसलेला असतो. या प्रकारात दोन्ही गाळण्या स्वच्छ सापडण्याचाही संभव आहे, कारण अडथळा त्यांच्या अलीकडे, टाकीच्या आत असतो.

तिसरा पदार्थ : बुरशी

डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. त्यांना पाणी खालून मिळते व अन्न वरून. यांतील सर्वपरिचित बुरशी क्लॅडोस्पोरियम रेझिनी या नावाने अभ्यासली गेली; विसाव्या शतकाच्या मध्यास विमानांच्या केरोसीनजातीय इंधनाच्या टाक्यांत तिने उपद्रव दिल्याने तिच्याकडे विशेष लक्ष वेधले. आज तिचे शास्त्रीय नाव बदलले असले तरी तिचे वर्तन तेच आहे. ती करड्या वा काळ्या बुळबुळीत पापुद्र्याच्या रूपाने दिसते. तिच्यासोबत वाढणारे काही जंतू गंधकाचे संयुग तयार करतात. त्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि धातूच्या टाकीस आतून खळगे पडतात. या पापुद्र्यास ‘शेवाळे’ म्हणणे योग्य नव्हे; शेवाळ्यास प्रकाश लागतो आणि टाकीत अंधार असतो. हा भेद निव्वळ शब्दाचा नाही. शेवाळे समजून टाकी झाकून ठेवल्याने काहीच साधत नाही. पाणी काढले तरच बुरशीचा आधार तुटतो.

बुरशीसाठी जंतुनाशक द्रव मिळतात. परंतु ते बुरशी मारतात, नाहीशी करीत नाहीत. मेलेला पापुद्रा सुटून गाळणीकडे धावतो आणि औषध दिल्यानंतरच यंत्र अधिक वेळा बंद पडू लागते. म्हणून आधी पाणी काढणे, मग टाकी घासून साफ करणे, आणि नंतर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात औषध देणे, हाच क्रम राखावा.

चौथा पदार्थ : चिकटा

पेट्रोल कित्येक महिने पडून राहिले म्हणजे हवेच्या संयोगाने त्यात राळेसारखा पदार्थ तयार होतो. त्याचा उग्र, आंबूस वास ओळखीचा आहे. कार्बोरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत हा चिकटा सुकला की यंत्र सुरूच होत नाही. पूरकाळासाठी ठेवलेल्या पेट्रोल यंत्रांचा मुख्य शत्रू हाच होय. इथेनॉलमुळे यात एक नवी भर पडली आहे : वर्षानुवर्षे टाकीच्या भिंतींना धरून बसलेला जुना चिकटा इथेनॉलमुळे सुटू लागतो आणि जुन्या बनावटीच्या रबरी नळ्या आतून मऊ पडून सोलवटतात. जुन्या यंत्रास नवे पेट्रोल मिळाल्यावर ‘कचरा’ एकाएकी वाढल्याचा अनुभव येतो, त्याचे एक कारण हे आहे.

गाळणीचे कार्य व तिची मर्यादा

पहिली गाळणी साधारणतः १० ते ३० मायक्रॉन आकाराचे कण अडविते. दुसरी त्याहून बारीक असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो हे ध्यानात घेतले म्हणजे या कणांचा सूक्ष्मपणा समजतो. दाबपंपाच्या अंगांमधील फट अवघ्या काही मायक्रॉनांची असल्याने एवढी सूक्ष्मता आवश्यकच असते. तथापि गाळणी ही पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. ती वारंवार तुंबते हा तिचा दोष नसून टाकीविषयीची तिची साक्ष होय. ती साक्ष वाचावयाची तर काढलेली गाळणी फेकून देण्यापूर्वी पाहिली पाहिजे : तांबूस कण म्हणजे गंज, काळा बुळबुळीत थर म्हणजे बुरशी, वाटीच्या तळाशी स्वच्छ थेंब म्हणजे पाणी. पहिल्या गाळणीनंतर ओढमापक बसविल्यास ती किती तुंबली हे यंत्र बंद पडण्यापूर्वीच कळते.

निदानाची रीत

निदानास महाग साधन लागत नाही. टाकीच्या अगदी तळातून हातपंपाने लिटरभर इंधन काढून ते पारदर्शक काचेच्या बाटलीत भरावे व रात्रभर हलवू नये. सकाळी खालचा स्वच्छ थर पाण्याचा, तळाचे कण साक्याचे, आणि दोन थरांच्या मधोमध दिसणारा पापुद्रा बुरशीचा समजावा. पेट्रोल असेल तर रंग गडद झाला आहे काय आणि वास आंबूस आहे काय हे पाहावे. तो चिकटा होय. पाणी आहे की नाही याविषयी शंका राहिल्यास पेट्रोलपंपावर वापरतात ती पाणी ओळखण्याची पेस्ट काठीच्या टोकास लावून टाकीत घालावी. पाणी लागताच तिचा रंग बदलतो. इथेनॉलमिश्र पेट्रोलसाठी त्यास योग्य अशीच पेस्ट घ्यावी. नमुना टाकीच्या मधल्या थरातून घेतल्यास हे सारे व्यर्थ होय. मधला थर नेहमीच निर्मळ दिसतो.

टाकीची सफाई

इंधन फिरत्या पंपाने गाळण्यांतून पुनःपुन्हा फिरविण्याची पद्धत आहे. तिने तरंगते कण व काही पाणी निघते. भिंतींना व आतील आडपडद्यांना चिकटलेला थर निघत नाही. हे आडपडदे लाटांनी इंधन हिंदकळू नये म्हणून असतात आणि त्यांमुळे टाकीचे कप्पे पडतात. म्हणून टाकी रिकामी करून तिच्या वरच्या अंगास प्रत्येक कप्प्यापर्यंत हात पोचेल अशी झडप असावी लागते. डिझेलची टाकी स्वच्छ डिझेलने व धागे न सुटणाऱ्या कापडाने घासावी. पेट्रोलने कधीही नाही. ओढनळी बाहेर काढून तिची जाळी पाहावी. सफाईनंतर अल्प दाबाची चाचणी अवश्य घ्यावी, कारण जुन्या टाकीची सूक्ष्म छिद्रे कधी कधी त्या थरानेच बुजलेली असतात आणि थर निघताच गळती सुरू होते.

येथे धोक्याची सूचना आवश्यक आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचून राहते. जवळच्या साध्या विजेच्या पंपाची ठिणगी तिला पुरेशी होते. डिझेल पेटत नाही, हा समजही या जिल्ह्यात सोडून दिला पाहिजे. भारतीय मानकानुसार ज्या तापमानास डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात सावलीतील हवाच त्याहून पुष्कळ अधिक तापलेली असते. म्हणून हे काम पहाटे, उघड्या हवेत, विजेची जोडणी तोडून करावे. टाकीत डोके घालू नये, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीस वेल्डिंग करू नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक घातक असते. काढलेले मलीन इंधन नदीत वा तलावात ओतणे हा ढिवरांच्या जाळ्यावरच घाला होय. ते बंद पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे.

सफाईनंतर दोन्ही गाळण्या नव्या बसवाव्यात. डिझेल यंत्राच्या नळ्यांत या वेळी हवा शिरते. ‘यंत्राने हवा धरली’ हा कारागिरांचा प्रयोग अगदी समर्पक आहे. गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत हातपंप चालवावा व मग स्क्रू आवळावा.

स्वस्थ काळातील दक्षता

डिझेलची टाकी जवळजवळ भरलेली ठेवावी, म्हणजे दमट हवेस जागा राहत नाही. पेट्रोल यंत्राची टाकी व कार्बोरेटर मात्र रिकामे करून ठेवावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ताजे पेट्रोल भरावे. पुरासाठी राखलेली बोट पावसाळ्यापूर्वी पाण्यात उतरवून पूर्ण वेगाने निदान अर्धा तास चालवावी. काठावर यंत्र सुरू करून दोन मिनिटांत बंद करणे ही चाचणी नव्हे. साक्याचा दोष संथ गतीत प्रकटच होत नाही, हे वर सांगितलेच आहे.

नोंदवहीतील शब्द

शेवटी प्रश्न पुन्हा शब्दाकडे येतो. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदावरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त आहे. ‘कचरा’ या शब्दास या व्यवहारात शेजारच उरलेला नाही. म्हणून तो सर्व काही सांगतो आणि काहीच सांगत नाही. बोट चालविणारा एक, दुरुस्त करणारा दुसरा आणि पुराच्या रात्री ती घेऊन जाणारा तिसरा असतो. या तिघांची गाठ बहुधा नोंदवहीतच पडते. तेथे ‘कचरा आला, फिल्टर बदलला’ एवढेच लिहिले असेल, तर तिसऱ्या माणसास टाकीच्या तळाशी काय आहे हे कळण्याचा मार्ग नाही. त्याऐवजी ‘पाणी’, ‘साका’, ‘बुरशी’ व ‘चिकटा’ यांपैकी जे आढळले ते लिहावे आणि त्यापुढे टाकी उघडली की नाही हे लिहावे. हे चारही शब्द घराघरांतील आहेत. त्यांसाठी कोशकारांनी नवे संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचे कारण नाही. पाणी म्हटले की झाकण आठवते, साका म्हटले की तळ, बुरशी म्हटले की पाणी व घासणी, आणि चिकटा म्हटले की शिळे पेट्रोल. शब्दच उपायाकडे बोट दाखवितो. परिभाषेचे प्रयोजन याहून वेगळे नाही.